भोपळ्यावरचे तीन धोंडे

नव्वदच्या दशकात कनेरगाव नाक्यावरच्या हॉटेलात रोज सकाळी एका परदेशी राष्ट्राध्यक्षाचा खून व्हायचा. उघडी मोटार, वळणाचा रस्ता, दुतर्फा गर्दी, आणि टेबलावर थाप मारून "धाड!" करणारे आमचे कंपाउंडरकाका. दवाखान्यातली नोकरी संपलेली, बायको गेलेली, मुलं पुण्याला. त्या जुन्या खुनाबद्दल छापून आलेला कागदाचा कपटाही त्यांनी सोडला नव्हता.

"चालत्या गाडीतल्या मान्साला एकट्यानं टिपनं शक्यच न्हाई. मारेकरी दोन! मंग दुसरा गेला कुठं, बोला!" असं म्हणून ते चहाच्या बशीकडे असे रोखून पाहायचे, की आम्हीही बशी उचलून खाली बघायचो.

एके दिवशी शाळेतले गुरुजी वैतागले. "काहून शक्य न्हाई? तांड्यावरची मावशी गोफणीनं उडतं पाखरू पाडते. तिला इचारा."

मावशी आमच्या ज्वारीची राखण करायची. रानात उभारलेल्या लाकडी माळ्यावर दिवसभर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची.

काका ताडकन उठले. "दहा मोजेस्तोवर तिनं चालत्या गाडीत तीन धोंडे बराबर घातले, तर ह्या खुनावर मी पुन्हा तोंड उघडनार न्हाई!"

ती गोष्ट गेली तर काकांकडे उरतं काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला जरा जास्तच, कारण या पैजेसाठी बैलगाडी माझी ठरली होती. मी विशीतला, आणि काकांच्या दुसऱ्या मारेकऱ्यावर माझा जीव. त्यांना हरू द्यायचं नाही म्हणून मी मनात बेत केला, ऐन वेळी बैलाची शेपटी पिळायची.

गाडीत पोत्यावर लाल भोपळा ठेवला. त्याला काकांची टोपी घातली. राष्ट्राध्यक्ष प्रवासाला निघाले! माळ्यापाशी येताच गुरुजी मोजू लागले.

तीनला सूंऽऽ झालं आणि टोपी उडाली. सहाला भोपळ्याची कड गेली. मी शेपटी पिळली, बैल उधळले, गाडी खड्ड्यात आदळली. नऊला धोंडा आला आणि भोपळ्याच्या मधोमध बसला. बिया माझ्या केसांत.

सगळे वर पाहत राहिले. मावशीने गोफण खांद्यावर टाकली आणि मला म्हणाली, "गाडी धड हाक की रे, मुडद्या!"

काकांनी तिला हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून ते हॉटेलात येत, चहा घेत आणि उठून जात. धाड नाही, बशी नाही. आठव्या दिवशी मला राहवलं नाही. त्यांच्या मागोमाग गेलो आणि सगळं सांगून टाकलं. "काका, गाडी मीच मुद्दाम उधळवली. तुमी हरू नये म्हनून."

काका थांबले. वळले. आठ दिवस विझलेले डोळे हळूहळू पेटत गेले.

"तुला कोनी सांगितलं होतं? मागं दुसरा कोन?"

"कोनी न्हाई, काका. माझं मीच."

त्यांनी माझा दंड धरला आणि मला परत हॉटेलाकडे ओढत नेलं.

"पकडलेला मानूस असंच म्हनतो," ते म्हणाले.