नूर मोहम्मदांचे कान आणि भिंतीवरची डबी

नूर मोहम्मद राहतात त्या मोहल्ल्यात शांतता ही वस्तू केवळ शुक्रवारी मिळते. एरवी यंत्रमागांचा खडखडाट इतका अखंड असतो, की तिथे जन्मलेल्या माणसाला तो आवाज वाटतच नाही. हवा असते तसा तो असतो. जुम्म्याला माग थांबतात, तेव्हा परगावचा पाहुणा सुटकेचा श्वास टाकतो आणि मोहल्ल्यातले वृद्ध बेचैन होऊन उगीचच जिन्यावर ये-जा करू लागतात. नूर मोहम्मदांना मात्र माग थांबल्याचे कानांनी कळत नाही. त्यांना ते तळपायांनी कळते. फरशीतली बारीक थरथर निमाली, की ते दाढीवरून हात फिरवत म्हणतात, “आज जुम्मा.” घरच्यांना वाटे, काय या माणसाचे दिनभान.

कोवळ्या वयात त्यांनी वडिलांच्या कारखान्यात धोटा हाती घेतला. पुढे कारीगर झाले, मागांची दुरुस्ती पाहणारे जॉबर झाले आणि यथावकाश मालक झाले. या दीर्घ नादयज्ञात त्यांच्या श्रवणेंद्रियाची आहुती पडली. पण इतक्या सावकाश, की तिचा धूरही कोणाला दिसला नाही. आधी पाखरे गेली. मग सायकलची घंटी गेली, मग नातवंडांची कुजबुज. ढोबळ तेवढे उरले: ढोल, ट्रक, दारावरची थाप आणि स्वतःचा भरदार आवाज. हे वैगुण्य त्यांनी एखाद्या खानदानी दागिन्यासारखे झाकून ठेवले होते. बहिऱ्या मालकाला कारीगर शेठ म्हणत नाहीत, बिचारा म्हणतात, असे त्यांचे मत होते. आणि बिचारा हा शब्द त्यांना शिवीपेक्षाही झोंबत असे.

ते झाकणे त्यांना अवघड गेले नाही, कारण कारखान्यात तसेही कोणी कानांवर विसंबत नाही. तिथे ओठ हलतात आणि हात बोलतात. दोन बोटांची चिमूट फिरवली की धागा तुटला, तळहात आडवा केला की माग थांबव. सर्वांत वरची आज्ञा दिव्याची. छतावरचा दिवा मालवून पुन्हा लावला, की हातचे काम टाकून प्रत्येकाने बाहेर पडायचे. कारण विचारायचे ते बाहेर आल्यावर. सुताच्या भुशाला ठिणगी किती प्रिय असते हे ठाऊक असल्याने नूर मोहम्मदांनी हा नियम स्वतःच घालून दिला होता, आणि तो मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेतले नव्हते. अशा विद्यापीठातून बाहेर पडलेल्या माणसाला घरातल्या चार माणसांचे ओठ वाचणे म्हणजे लीलाच. घरात त्यांची बैठकही ठरलेली होती: पाठ स्वयंपाकघराकडे, तोंड काचेच्या कपाटाकडे. कोणी विचारले तर म्हणत, “इथे दाढी बरी दिसते.”

या सुव्यवस्थित राज्यात एक पांढरी डबी आली.

झाले असे, की मागल्या गल्लीतली एक नवी नवरी गॅस गिझर लावून अंघोळ करताना न्हाणीत कोसळली. सासऱ्याने दार फोडले म्हणून वाचली. नूर मोहम्मदांची नात अलिजा फार्मसी शिकून नाक्यावरच्या औषधांच्या दुकानात बसते. तिने ही वार्ता ऐकली आणि संध्याकाळी घरी येताना कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेऊनच आली. पाठोपाठ शेलार गावातला हरेश ड्रिल मशीन घेऊन हजर झाला. गिझर बसवणारा तोच, बिघडला की शिव्या खाणाराही तोच.

“चाचा, ही डबी नाकाचं काम करते,” हरेश म्हणाला.

“माझं नाक काय वाईट आहे? गॅस गळला तर सगळ्यात आधी मला वास येतो.”

“तो सिलिंडरचा गॅस. त्याला वास हाय, आणि त्याची मशीन पण येगळी. हा तर गॅस नीट जळला न्हाय की तयार होतो. याला वास न्हाय, रंग न्हाय. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणूस बसल्या जागी झोपतो.”

“आमच्याकडे नाइट शिफ्टला सगळेच असे झोपायचे,” नूर मोहम्मद म्हणाले.

त्यांच्या पत्नी कुबराबी. माहेर पडघ्याकडचे, आणि लग्नाला अर्धे आयुष्य उलटले तरी बोली तिकडचीच. त्या डबीकडे नापसंतीने पाहत म्हणाल्या, “त्या पडद्यामागं लाव. भिंतीवर काय बरी दिसत न्हाय.”

“पडद्यामागं लावली तर ती पडदाच हुंगत बसंल, चाची,” हरेश म्हणाला.

“मग न्हाणीत लाव.”

“वाफेनं बिघडेल,” अलिजा सोबत आलेला कागद वाचत म्हणाली. “खिडकीजवळ नाही, पंख्याखाली नाही, शेगडीच्या डोक्यावर नाही. न्हाणीबाहेरच्या बोळात, मोकळ्या भिंतीवर, कागदात सांगितलंय तेवढं अंतर ठेवून. झोपायच्या खोलीतही ऐकू आली पाहिजे. आणि दादी, ही आहे म्हणून न्हाणीची जाळी बंद करायची नाही. हवा खेळती पाहिजेच.”

“जाळी कोण बंद करतंय?” कुबराबी म्हणाल्या. नूर मोहम्मद कपाटाच्या काचेत दाढी पाहण्यात मग्न झाले.

डबी बसली. अलिजाने चाचणीचे बटण दाबले. कुबराबींनी पदर कानावर ओढला, हरेशने डोळे मिटले, आणि सोफ्यावर निजलेली मांजर उडी मारून स्वयंपाकघरात पळाली. नूर मोहम्मदांच्या जगात यातला कोणताही ध्वनी उमटला नाही. त्यांनी मांजर पाहिली, पदर पाहिला, आणि किंचित उशिराने पण राजस गांभीर्याने दोन्ही कानांवर हात ठेवले. “काय कर्कश आहे,” ते म्हणाले. “बंद कर.”

त्या दिवसापासून मांजर ही त्यांची श्रुती झाली. दर आठवड्याला अलिजा बटण दाबी. मांजर उठली की यांचे हात कानावर. डबी कधी बटण न दाबता एखादी टिचकी वाजवू लागली तर बॅटरी संपत आल्याची ती खूण आहे, असे अलिजाने घरात सांगून ठेवले होते. तेव्हाही त्यांनी “ऐकेन की मी” म्हणून मान डोलावली. पण निरीक्षण हा गुण त्या घराण्यात एकट्या त्यांच्याच वाट्याला आलेला नव्हता. हात दर वेळी थोडे उशिरा का पोचतात, हे कोडे अलिजाला पडले. एके दिवशी मांजर गाढ झोपलेली पाहून तिने बोट बटणाच्या शेजारी ठेवले आणि उगाच चेहरा वाकडा केला.

“बस कर गं बाई,” नूर मोहम्मद कान झाकत म्हणाले. “पडदे फाटतील.”

मांजरीने झोपेतच कूस बदलली.

अलिजा स्वयंपाकघरात गेली. कुबराबी तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या.

“दादी, अब्बांना डबी ऐकू येत नाही.” आजोबांना ती लहानपणापासून अब्बाच म्हणे.

“आज कळलं व्हय? तुझा बाप शाळेत जायचा तवापासून येत न्हाय.”

“आणि तू गप्प?”

“गप्प कुठं? तोंडावर बोलायचं ते तोंडावर बोलते. बाकीचं पाठीमागून बोलून घेते. मनात ठेवलं असतं तर कवाच मेले असते.” एवढे बोलून त्या दारात आल्या आणि काचेसमोर बसलेल्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहत, भाकरीच्या पिठाचे हात तसेच ठेवून, स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “म्हातारा उंट हाय उंट. अडला की अडला.”

नूर मोहम्मदांची फणी दाढीतून शांतपणे फिरत राहिली. अलिजाला हसू आवरेना. पण हसू ओसरल्यावर ती म्हणाली, “दादी, न्हाणीत एकटे असताना वाजली तर? दाराला कडी असते.”

“मी हाय न्हवं.”

“तू हाका मारशील. ते ऐकणार कशाने?”

कुबराबी पुढचा गोळा थापू लागल्या. तव्यावरची भाकरी मात्र त्या दिवशी करपली.

हिवाळ्यातल्या एका जुम्म्याला नूर मोहम्मद न्हाणीत शिरले. जुम्म्याचे स्नान हा त्यांचा आठवड्याचा महोत्सव. त्यात घाई त्यांना पाखंड वाटे. जाळीतून येणारा गार वारा मात्र या सोहळ्यात विघ्न आणी. म्हणून त्यांनी कारखान्यातून आणलेली चिंधी लुंगीच्या ओच्यात लपवून आत नेली, कडी लावली आणि जाळीची भोके माग लावणाऱ्याच्या निगुतीने बुजवून टाकली. गिझर धडधडू लागला, बादल्या भरू लागल्या, वाफ दाटली. नूर मोहम्मदांच्या अखंड शांततेत कसलाही भंग झाला नाही.

बाहेर डबी किंचाळू लागली. मांजर पळाली. कुबराबींनी बोळात धाव घेऊन दारावर थापा मारल्या.

या थापा नूर मोहम्मदांना व्यवस्थित ऐकू आल्या. त्या ढोबळ वर्गातल्या होत्या. पण दर जुम्म्याला ‘आटपा आता’ या अर्थाने अशाच थापा पडत आणि दर जुम्म्याला ते त्यांच्याकडे निष्ठापूर्वक दुर्लक्ष करत. आजही केले. घरीच असलेल्या अलिजाने सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या. आत पाणी गार झाले.

“सिलिंडर संपला,” आतून भरदार आवाज आला. “दुसरा लावा. मी बसलोय.”

आणि ते पाटावर खरोखरच बसले. डोके थोडे जड वाटत होते. त्यांनी तो दोष गार पाण्याला दिला. डोळे मिटावेसे वाटू लागले.

“अब्बा, बाहेर या,” अलिजा ओरडत होती. “दादी, दार फोडायला कोणाला बोलावू?”

कुबराबी दारापासून मागे सरल्या. थापा, हाका, त्या नव्या डबीचा आकांत, यांतले काहीच या माणसाला हलवणार नव्हते. मग हा माणूस कशाला हलतो? त्यांची नजर भिंतीवर गेली. गॅसचा वास नव्हता, सिलिंडर बंद झाला होता; बटणाच्या ठिणगीची भीती नव्हती. त्यांनी न्हाणीच्या दिव्याचे बटण खाली केले आणि वर केले. पुन्हा खाली, पुन्हा वर.

आत कडी वाजली.

दार उघडले, आणि लुंगीची गाठ एका हाताने सावरत, अर्ध्या दाढीला साबणाचा फेस, असे नूर मोहम्मद बाहेर आले. आगीच्या भयाने घातलेला तो नियम त्यांनी स्वतःही कधी मोडला नव्हता. ते डोलत होते, पण मुद्रा मालकाचीच होती.

“कुठला लूम पेटला?” त्यांनी विचारले.

कुबराबींनी तळहात आडवा केला. सगळ्यांनी जिना उतरून उघड्यावर यायचे, असा त्याचा अर्थ त्या घरात प्रथमच झाला, पण समजायला कोणालाच वेळ लागला नाही. मांजरसुद्धा आली. तिथून अलिजाने त्यांना रिक्षाने थेट इस्पितळात नेले. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, रक्त तपासले, आणि अजून थोडा वेळ आत बसले असते तर स्वतःच्या पायांनी उठले नसते, असे अलिजाला बाजूला घेऊन सांगितले. ते बाजूला घेणे व्यर्थ होते. डॉक्टरांचे ओठ रुग्णाला समोरून दिसत होते.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले, तेव्हा हरेश न्हाणीतून चिंधीचा बोळा हातात धरून बाहेर पडला. मुलांनी चोरून खाल्लेल्या मिठाईचा कागद धरावा तसा.

“चाचा, हे जाळीत कोणी कोंबलं?”

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. नूर मोहम्मदांनी बोळ्याकडे पाहिले, पत्नीकडे पाहिले, नातीकडे पाहिले. आयुष्यभर जपलेला दागिना एकीकडे आणि हा बोळा दुसरीकडे, असा तो क्षण होता. त्यांनी घसा खाकरला.

“काय म्हणतोस? मला ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “बरीच वर्षं झाली. यांना विचार.”

कुबराबी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेल्या. त्या रडल्या की हसल्या, हे अलिजालाही ठरवता आले नाही.

त्यानंतर घरात बदल झाले. हरेशने गिझर न्हाणीतून काढून उघड्या गॅलरीत बसवला आणि जाळीला आतून बारीक भोकांची लोखंडी पट्टी अशी ठोकली, की वारा यावा, पण तिथे चिंधीच काय, बोटही शिरू नये. अलिजाने दुसरी डबी मागवली. तिच्या जोडीला लखलखणारा दिवा होता, जो न्हाणीत आणि झोपायच्या खोलीत दिसावा अशा बेताने लावला गेला. पहिली डबी कान असणाऱ्यांसाठी होती तिथेच राहिली. कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याचा विषय निघाला, तेव्हा नूर मोहम्मद म्हणाले, “बघू. आधी दिव्याची सवय होऊ दे.” बिचारा मात्र त्यांना कोणी म्हटले नाही. उलट मोहल्ल्यातले दोन जुने कारीगर हळूच येऊन विचारून गेले, की असली दिव्याची डबी कुठे मिळते.

पुढच्या आठवड्यात अलिजाने बटण दाबले. दिवा लखलखला. नूर मोहम्मदांनी काचेसमोर बसल्या बसल्या कारखान्यातल्यासारखा अंगठा वर केला आणि मांजरीकडे पाहिलेही नाही. स्वयंपाकघराच्या दारात कुबराबी उभ्या होत्या. नवऱ्याच्या पाठीकडे पाहून त्या नेहमीच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “बायकोला न्हाय, निदान दिव्याला तरी भितो. उंट कुठला.”

फणी दाढीत थांबली.

“उंटाला आज खिमा करा,” नूर मोहम्मद काचेला म्हणाले. “आणि मागच्या ईदला माझ्या बहिणीबद्दल जे म्हणालात, ते मी तिला सांगितलेलं नाही.”

कुबराबी जागच्या जागी उभ्या राहिल्या. कपाटाची काच, तिच्यातला स्वतःचा चेहरा आणि इतक्या वर्षांत त्या दारात उभे राहून बोललेले सर्व काही त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. मग खिमा झाला, आणि उत्तम झाला.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या काचेला आतून फुलाफुलांचा पडदा लागला. नूर मोहम्मदांनी त्यावरच्या फुलांची तारीफ केली. चहा मात्र आता त्यांना स्टीलच्या मोठ्या किटलीतून लागतो. किटली आरशासारखी घासलेली हवी, आणि ती त्यांच्या समोरच ठेवावी लागते.