हालाँगचे दोन कोंबडे

सनीव्हेलमधल्या माझ्या व्हिएतनामी न्हाव्याच्या दुकानात हालाँगच्या उपसागराचा फोटो होता. पाण्यातून वर आलेले दोन खडक, हुबेहूब समोरासमोर उभ्या कोंबड्यांसारखे. खुर्चीत बसेल त्याला तो कात्री वाजवत विचारायचा, "फायटिंग ऑर किसिंग?" उत्तर काहीही द्या, मान डोलवून म्हणायचा, "टुडे, यस."

एका शनिवारी बायकोही सोबत आली. तिला कायमचं पुण्याला परतायचं होतं, मला नाही. गाडीत त्यावरून आमचं चांगलंच वाजलं होतं. ती फोटोखालच्या बाकावर तोंड फिरवून बसली.

त्यानं आरशातून आम्हा दोघांकडे पाहिलं. त्या दिवशी प्रश्न विचारला नाही. माझी खुर्ची आरशाकडून वळवून त्यानं बरोबर तिच्यासमोर आणली, आणि नेहमीच्या दुप्पट वेळ लावून केस कापले.