प्रशस्त खोलीतला भाडेकरू

त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘गृहसल्लागार’ असं छापलेलं होतं. बाजारात मात्र त्याला सगळे ‘प्रशस्त’ म्हणत, आणि तेही तोंडावर. गिऱ्हाइकासमोर कुठल्याही खोलीचं दार उघडलं की त्याच्या तोंडून हा शब्द आपोआप निघे. एकदा म्हणे घाईघाईत त्याने पोटमाळ्यालाही प्रशस्त म्हटलं होतं. तो खोटं बोलतो असं कोणी म्हणू शकलं नसतं. त्याची भाषा त्या आरोपाच्या पलीकडे पोचली होती. खिडकीचं तावदान फुटलेलं असलं की घर हवेशीर, बस येत नसली की वस्ती शांत, घराखालून दिवसभर ट्रक जात असले की जागा मोक्याची. छताचा गिलावा खाली आलेला असेल तर ‘थोडंफार आपल्या आवडीप्रमाणे करून घेता येईल’. लोकांना निवारा हवा असतो आणि निवाऱ्याविषयीचं सत्य नको असतं. या दोन गरजांमधल्या चिंचोळ्या जागेत त्याने आपला संसार थाटला होता.

प्रत्यक्षात तो संसार भाड्याच्या दोन खोल्यांत होता. मुलगी तिथेच रांगायला शिकली, तिथूनच सासरी गेली. इतरांना घरं दाखवता दाखवता स्वतःचं घर घ्यायचं राहून गेलं, याचं त्याला वैषम्य नव्हतं. मग एके दिवशी घरमालकाचा फोन आला.

“जागा काढून टाकावी म्हणतोय. दुसऱ्या कुणाला कशाला सांगू? तुम्ही घरातच आहात, तुम्हीच दाखवा. उन्हाळ्यात गिऱ्हाईक लागलं तर बरं, नाहीतर विचार सोडून देतो. मग तुम्हीच राहा आणखी काही वर्षं.”

स्वतःच्या बायकोला घराबाहेर काढण्याचं काम इतक्या सौजन्याने फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल. तो “हो, हो, नक्की,” म्हणाला.

“नाही म्हणायला तोंड नव्हतं?” बायकोने विचारलं.

“अगं, मी नाही म्हटलं तर तो दुसरा एजंट आणेल. दुसरा विकूनच मोकळा होईल.”

“म्हणजे तुम्ही विकणार नाही.”

“मी दाखवणार. दाखवणं निराळं.”

पहिले आले ते एक निवृत्त पोस्टमास्तर. गृहसल्लागाराने दार उघडलं आणि दाराबरोबर तोंडही उघडलं. “या साहेब. ही बाहेरची खोली. प्रशस्त.” आत बायकोने पातेलं आपटलं. “आणि हे स्वयंपाकघर. आवाज कसा घुमतो बघा, उंची किती आहे.” पोस्टमास्तरांच्या गुडघ्यांना जिना मानवला नाही, म्हणून घर वाचलं.

“एका खोलीला वाईट म्हणता येत नाही तुम्हाला?”

“सवय नाही गं.”

“मग करा. म्हणा, खोली लहान आहे.”

“खोली... आटोपशीर आहे.”

“लहान.”

“बरं, लहान.” एवढं बोलून त्याने कपाळावरचा घाम पुसला.

मग दोघांनी मिळून ठरवलं, की यापुढे जे आहे तेच सांगायचं. खरं ऐकल्यावर कोण घर घेतो, हा त्याच्या आयुष्यभराच्या अनुभवाचा निष्कर्ष होता. आपली रोजीरोटी ज्या गृहीतकावर उभी आहे ते तपासून बघण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

उन्हाळा सरत आला तेव्हा एक नर्स आली, सोबत तिचा अबोल नवरा. गृहसल्लागाराने घसा साफ केला.

“हे बघा ताई, ही भिंत पावसात ओलावते. इथे कपाट ठेवलंत तर कपड्यांना वास मारतो.”

नर्सने मान डोलावली.

“वरचे गृहस्थ पहाटे वजनं उचलतात. उचलतात ते कळत नाही, टाकतात ते कळतं. स्वयंपाकघरात दोघं असलो तर एकाने बाहेर आल्याशिवाय दुसऱ्याला वळता येत नाही. पाणी नऊनंतर बारीक होतं. आणि ओल पार खिडकीपर्यंत जाते.”

“खिडकीपर्यंत कुठे जाते?” बायको दारातून म्हणाली. “उगाच काहीतरी. कोपऱ्यात हातभर येते, तीही दोन महिने.”

“अगं, मी सांगतोय ना.”

“सांगा, पण आहे तेवढंच सांगा. इतकी वर्षं मी पुसते ती भिंत. आणि पाण्याचं काय, आठच्या आत भरून ठेवलं की दिवसभर बघावं लागत नाही. ताई, तुम्ही कामावर जाता ना? मग खिडकीखाली झोपा. दुपारी तिथे इतकं छान वाटतं, रात्रपाळी करून आलात तरी डोळा लागेल.”

त्याने बायकोकडे डोळे वटारले. तिचं लक्ष नव्हतं. ती नर्सला खिडकीची कडी दाखवत होती.

“आम्ही पुष्कळ घरं बघितली,” नर्स म्हणाली, “एकाही घरात ओल नव्हती. सगळी प्रशस्त होती. काका, एवढं सगळं असून तुम्ही इथे टिकलात, म्हणजे घर चांगलंच असणार. आम्ही घेतो.”

बाजारात बातमी पोचायला वेळ लागला नाही. “काय प्रशस्त, नवी युक्ती काढलीस म्हणे,” शेजारच्या दुकानातला एजंट म्हणाला. “खरं बोलतोस. आम्हालाही शिकव की.” सत्याचा त्या धंद्यातला प्रवेश अशा रीतीने, एका नव्या क्लृप्तीच्या रूपाने, साजरा झाला. तोही हसला. हसण्यावाचून दुसरं काही व्यवसायात बसत नव्हतं.

घरी आल्यावर तो म्हणाला, “तू मध्ये बोलली नसतीस तर...”

“बोलले. काय करू, तुम्ही नाही नाही ते सांगत होता घराबद्दल.” मग थोड्या वेळाने, “आता आपल्यासाठी बघा कुठेतरी. पण दाखवायला तुम्ही नको. दुसरा कोणीतरी आणा, म्हणजे निदान त्याच्यावर विश्वास नाही ठेवायचा हे माहीत असेल.”

पुढच्या रविवारी नर्स पडद्यांची मापं घ्यायला आली. खिडकी रुंद, तिचा हात पुरेना. तिचा नवरा कामावर होता. बायकोने ओले हात पदराला पुसले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.

“अजून थोडं डावीकडे घ्या ताई,” ती म्हणाली, “नाहीतर उन्हाची तिरीप आत येते.”