चाळणीतून गेलेली रेघ

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे. कोणी नवा माणूस बिचकत "मॅडम" म्हणाला तर ती म्हणायची, "चाळणीच म्हणा. मॅडम म्हटलं की मला वाटतं मागे कोणी उभंय." चपलांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, दुकानदारांना वेबसाइट बनवून देणारं हे छोटंसं ऑफिस. तिथं कुणाचंही घोडं अडलं की माणूस हिच्या टेबलाशी येई आणि ही पहिला प्रश्न विचारी, "यातलं नको ते काय आहे, ते सांग." नको ते चाळून टाकलं की उरतं ते सोपंच असतं, असा तिचा हिशेब. म्हणून चाळणी.

कोडच्या वाटेला ती लगेच जात नसे. आधी टेबलावर वस्तू मांडायची. पेन, कप, स्टेपलर, अर्धं बिस्कीट एका ओळीत ठेवलं की ती झाली ॲरे. चिठ्ठ्या लावलेल्या खणांचं कपाट म्हणजे ऑब्जेक्ट. एकदा दाढीवाला सहकारी रडकुंडीला येऊन उभा राहिला. दुकानाच्या ऑर्डरींत कोणती वस्तू किती वेळा आली हे त्याला मोजायचं होतं आणि त्यासाठी पठ्ठ्या प्रत्येक वस्तूपाशी थांबून अख्खी यादी पुन्हा पहिल्यापासून चाळत होता. पान उघडेपर्यंत चहा गार व्हायचा.

"अरे, बाजारात एकदाच फिर," चाळणी म्हणाली, "पण पिशवी घेऊन फिर."

पिशवी म्हणजे एक ऑब्जेक्ट. वस्तू दिसली की तिच्या नावाच्या खणात एक वाढवायचा, खण नसला तर नवा करायचा. चार ओळींत काम झालं. दाढीवाल्याने कपाळावर हात मारला. शिकवून झालं की आपण शिकवलं हेच ती विसरून जायची, आणि या गुणाचं कौतुक करावं तेवढं थोडं. नाहीतर एवढंसं काही सांगितलं तरी वर्षभर त्याची आठवण करून देणारे महाभाग प्रत्येक ऑफिसात असतात.

तर अशा या बाईला घरी एक गोष्ट सुटत नव्हती. तिचे सासरे पाट्या रंगवणारे. जन्मभर शिडीवर उभं राहून लोकांच्या दुकानांची नावं लिहिली. मग अर्धांगाचा झटका आला, उजवा हात लुळा पडला. डावा चालत होता, पण पेन्सिल धरली की थरथरायचा. तिची नणंद दातांची डॉक्टर. लहानपणापासून तिचा हट्ट, "माझ्या दवाखान्याची पाटी बाबाच लिहिणार." आता दवाखाना खरंच उघडायचा होता आणि नणंद पाटीचं नावही काढत नव्हती. तिचं हे न बोलणं म्हाताऱ्याला फार लागलं. "छापून घ्या कुठूनतरी," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून झोपले. नवराही म्हणाला, "अगं, छापून घेऊ. उगाच त्यांच्या जिवाला त्रास कशाला?"

चाळणीला मात्र ती वळवलेली पाठ बघवेना. यातलं नको ते काय, असं तिनं स्वतःलाच विचारलं. नको होती ती फक्त थरथर.

तिनं टॅबलेटवर एक पान बनवलं. त्यावर कोरा कॅनव्हास. बोट फिरेल तसे ठिपके ॲरेत गोळा होत, आणि प्रत्येक ठिपका कुठं पडला हे त्याच्याच छोट्या ऑब्जेक्टमध्ये लिहिलेलं असे. मग प्रत्येक ठिपका आजूबाजूच्या ठिपक्यांच्या सरासरीवर आणून ठेवायचा. थरथरीचे ठिपके रेघेच्या कधी वर, कधी खाली असतात. सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि रेघ शांत होते.

"बाबा, एक रेघ ओढा बरं."

"डाव्या हाताने?" बाबा चिडले. तरी ओढली. वेडीवाकडी, सुरवंटासारखी. चाळणीने बटण दाबलं आणि रेघ सरळ झाली. बाबा उठून बसले. चष्मा मागितला.

मग दोन सकाळी त्यांनी एकेक अक्षर काढलं. 'दातांचा दवाखाना.' मध्ये मध्ये दमून डोळे मिटून पडत, पुन्हा उठत. चाळणी टॅबलेट घट्ट धरून बसायची, घसरू नये म्हणून. शेवटचा काना झाला तेव्हा बोट लाल झालं होतं. तिनं बटण दाबलं. बाबा बघत राहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ही अक्षरं नाहीत, हा वापरलेला साबण आहे," ते म्हणाले. खरंच होतं. 'च'चा कोपरा, काना शिरोरेघेला भिडतो ती जागा, सगळं गुळगुळीत झालं होतं. "पोरी, तुला थरथर काढायची होती. तू माझा हातच काढून टाकलास."

"थांबा, मूळ रेघा जपून ठेवल्यात मी," ती म्हणाली. उघडून बघते तो काय, मूळ रेघांचाही साबण!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. चूक तिला लगेच कळली, आणि ती अगदी तिच्याच धंद्यातली चूक होती. ॲरेची नक्कल तिनं केली होती, पण ती फक्त रांगेची. रांग नवी मांडली तरी रांगेत उभी माणसं तीच होती. नव्या रांगेतल्याचे केस कापले तर जुन्या रांगेतलाही टकला होणारच. हेच ती ऑफिसात दहा जणांना समजावत आली होती. आणि पाटीची अक्षरं पत्र्यात कापून देणाऱ्याला चित्र उद्या सकाळी द्यायचं होतं.

"झालं ना आता? छापूनच घेऊ," नवरा दारातून म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. बाबांच्या पायाशी जाऊन बसली. "बाबा, चूक माझी आहे. तुमची अक्षरं माझ्या हातून पुसली गेली. परत येणार नाहीत."

बाबा म्हणाले, "एकदा ओल्या पाटीला माझीच शिडी घासली होती. अख्खं 'हॉटेल' गेलं. मालक बोंबलला, बोंबलला, दमला. मी पुन्हा लिहिलं." त्यांनी बोट पुढं केलं. "पण आधी तुझं ते यंत्र सुधार. कोपरा आला की मी थांबतो, दिसत नाही तुला? ब्रश वळवायच्या आधी श्वास सोडायचा असतो. हात कितीही थरथरू दे, तिथे मी थांबतोच."

चाळणी ऐकत राहिली. मग तिनं त्यांना नुसताच 'च' काढायला लावला आणि ठिपके बघितले. कोपऱ्यावर ठिपक्यांची गर्दी होती, कारण बोट तिथं रेंगाळलं होतं. बाकी रेघेवर ठिपके विरळ. म्हणजे जिथं गर्दी, तिथला मधला ठिपका हलवायचा नाही. सरासरी काढायची ती फक्त दोन गर्द्यांच्या मधल्या वाटेवर. तिनं नियम बदलला, आणि या वेळी प्रत्येक ठिपक्याची वेगळी नक्कल करून ठेवली. एक मुद्दाम बिघडवून पाहिली. मूळ ठिपका जागच्या जागी होता.

दुपारी बाबा पुन्हा लिहायला बसले. या खेपेला दमले तरी पडले नाहीत. बटण दाबलं तेव्हा 'च'चा कोपरा असा ठणठणीत उभा राहिला की म्हातारा नुसता "हां" म्हणाला. त्या एका "हां"ने चाळणीला जेवढा आनंद झाला तेवढा तिला कुठल्याही पगारवाढीने झाला नव्हता. मग प्रत्येक ठिपका एकाच आकड्याने गुणून तिनं अक्षरं पाटीएवढी मोठी केली आणि चित्र पत्रेवाल्याकडे पाठवून दिलं.

नणंदेला सांगितलं होतं की पाटी छापून घेतली आहे. उद्घाटनाच्या सकाळी ती लगबगीने आली, हातात किल्ल्या, कानाला फोन. दारावर कागद गुंडाळलेली पाटी होती. चाळणीच्या नवऱ्याने कागद ओढला.

नणंदेने फोन खाली केला. पाटी वाचायला एवढा वेळ लागत नाही. लोक मागे उभे होते, कोणी टाळ्या वाजवल्या, तिचं लक्ष नव्हतं. मग ती वळली, खुर्चीत बसलेल्या बाबांपाशी आली, गुडघ्यांवर बसली आणि त्यांचा डावा हात हातात घेऊन एकेक बोट चेपू लागली.

"बाबा, खूप दुखला का हो हात?"

"दोनदा दुखला," बाबा ऐटीत म्हणाले. "विचार तुझ्या वहिनीला."