मी टाइप न केलेला भाग

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कोणाचं, असं कोणी विचारलं तर मी शैलजा पगारे हे नाव सांगतो. आईवडिलांचं ऋण वेगळं, ते सांगायचं नसतं. पण आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो तो पगारे मॅडममुळे. त्या नाशिकला आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल होत्या. गेल्या महिन्यात घोटीच्या शाळेत मी सातवीला शिकवत होतो, तेव्हा त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाताईंचा फोन आला. तासाला मी फोन घेत नाही. त्या दिवशी नाव पाहून घेतला, कारण वाटलं, मॅडमनी अखेर माझ्या पत्राचं उत्तर द्यायचं ठरवलं. प्रज्ञाताई म्हणाल्या, "आई सकाळी गेली... झोपेतच." मुलांना पुढचा धडा मनात वाचायला सांगून मी व्हरांड्यात आलो. रडू आलं नाही. खरं लिहायचं तर आधी राग आला. आमचं एक भांडण शिल्लक होतं आणि ते अर्धवट टाकून त्या निघून गेल्या होत्या.

मी हरसूलचा. वडील गावातल्या शाळेत शिपाई होते. बारावीनंतर नाशिकला आलो तेव्हा इंग्रजी वाचता यायचं, पण वाचलेलं कळायचं नाही. लायब्ररीत मी फक्त पंख्याखाली बसायला जायचो. माझ्या नावाची वर्गात तीन मुलं होती, म्हणून मॅडम मला गावाच्या नावानंच हाक मारायच्या. एकदा म्हणाल्या, "काय हरसूल, पंखा आवडला वाटतं आमचा? त्याचं भाडं म्हणून एक पुस्तक वाच." आणि जादूच्या राज्यांबद्दलच्या एका इंग्रजी कादंबरीमालेचा पहिला भाग हातात ठेवला. विटेएवढा जाड. मी म्हटलं, मॅडम, हे जन्मात होणार नाही. त्या म्हणाल्या, जन्मात नको, दिवाळीपर्यंत कर. रोज संध्याकाळी त्या मला एक पान मोठ्यानं वाचायला लावत. अडलो की अर्थ सांगत नसत, "पुढे जा, लेखकच सांगेल," म्हणत. दिवाळीपर्यंत काही झालं नाही. पण होळीला मी दुसरा भाग मागायला गेलो, तेव्हा त्यांनी डब्यातली अख्खी पुरणपोळी मला दिली आणि स्वतः नुसता भात खाल्ला.

शनिवारी लायब्ररीत आम्हा आठ-दहा मुलांचं वाचन चालायचं. तिथे मॅडमचा एक नियम होता. ज्या पात्राला तुम्ही शिवी द्याल, त्याच्या बाजूनं तुम्ही एक पान लिहायचं. चेटकिणीला नावं ठेवलीत की चेटकिणीचं पान तुमच्यावर. त्यामुळे आमच्यात शिव्या फार जपून दिल्या जायच्या. याच सवयीतून मॅडम स्वतः लिहू लागल्या. मूळ लेखकाची पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा असतात ना, फॅन फिक्शन म्हणतात, तशा. मराठीत, कथांच्या एका ॲपवर, 'पहारेकरीण' या नावानं. त्या कागदावर लिहायच्या, कारण मोबाईलवर डोळे दुखायचे, आणि रविवारी त्यांच्या घरी टेबलाजवळच्या स्टुलावर बसून मी ते टाइप करायचो. पुढे बीएड झालं, घोटीला नोकरी लागली, तरी रविवार सुटला नाही. टाइप करता करता मी खोड्या काढायचो. त्यांच्या कथेत बर्फाच्या किल्ल्यावरचे शिपाई नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खायचे. मी म्हणायचो, मॅडम, तिथे नागली कुठून येणार? त्या म्हणायच्या, "येत नाही असं त्या लेखकानं कुठे लिहिलंय?"

त्या कादंबरीमालेत डोर्वन नावाचा फितूर आहे. तो आणि इस्केल, दोघं किल्ल्याच्या दरवाजाचे पहारेकरी, एका ताटात जेवणारे. डोर्वन शत्रूला किल्ली देतो आणि आळ इस्केलवर येतो. सगळे वाचक डोर्वनला शिव्या देतात. मीही देत होतो, पण त्याचं पान लिहायला मात्र मी कधीच तयार झालो नाही. बाकीच्यांची पानं लिहिली, याचं नाही. मॅडमनी दोन-तीनदा आठवण केली. शेवटी एका रविवारी चहा पिताना विचारलं, एवढं काय घोडं मारलंय त्यानं तुझं? मग मी सांगितलं. तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

आमच्या गावच्या शाळेत दत्तूकाका खिचडी शिजवायचे. ते आणि माझे वडील असेच एका ताटातले. एका वर्षी शाळेच्या कोठारातला तांदूळ चोरीला गेला. चौकशीत काकांनी सांगितलं की किल्ली वडिलांकडे होती. ती त्या दिवशी काकांकडेच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. वडिलांची नोकरी गेली आणि त्यानंतर ते दुसऱ्यांच्या शेतात आवणीला, भाताच्या लावणीला, जाऊ लागले. काकांचा शाळेत जायचा रस्ता आमच्या दारावरून होता. तो त्यांनी सोडला. रोज सायकल खांद्यावर घेऊन ओढ्यातून जायचे. पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातूनसुद्धा. मी लहान होतो, ओट्यावरून ते बघायचो आणि मला बरं वाटायचं. एवढं मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, थंड झालेला चहा पुन्हा गरम करून दिला आणि विषय तिथेच राहिला.

दोन रविवार त्यांनी टाइप करायला काही दिलं नाही. "अजून लिहून व्हायचंय," म्हणाल्या. मग एका सकाळी शाळेच्या रस्त्यावर एसटीत मोबाईल उघडला, तर पहारेकरणीचा नवा भाग ॲपवर आलेला. डोर्वनचा. किल्ला पडल्यावर डोर्वन इस्केलच्या घरावरून जात नाही. घोड्याचं जड खोगीर खांद्यावर टाकून दरीतून जातो, हिमाचं पाणी कमरेला लागतं, आणि वरून इस्केलचा लहान मुलगा त्याच्याकडे बघत असतो... खाली वाचकांनी लिहिलं होतं, डोर्वनसाठी रडलो. कुणी लिहिलं होतं, त्या मुलाच्या नजरेची भीती वाटली. मी घोटीला उतरायचं विसरलो, पुढच्या थांब्यावरून चालत परत आलो.

तो भाग त्यांनी शेजारच्या मुलीकडून टाइप करून घेतला होता. मला सर्वांत जास्त लागलं ते हे. मला काय वाटेल याची कल्पना नसती तर त्यांनी तो नेहमीसारखा मलाच दिला असता. त्यांना कल्पना होती.

संध्याकाळी तडक त्यांच्या घरी गेलो. बसलो नाही. हातातला जेवणाचा डबा स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, "मॅडम, ही माझ्या बापाची गोष्ट आहे."

त्या म्हणाल्या, "नाही रे. ही त्याची आहे, सायकलवाल्याची. बापाची तू लिही, मी केव्हापासून सांगतेय."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

मी चप्पल घातली. त्या पाठीमागून म्हणाल्या, "हरसूल, डबा राहिला तुझा." मी डबा घ्यायला वळलो नाही. रविवार बंद झाले. मी ज्याच्यावर राग धरून मोठा झालो, त्या माणसाला त्यांनी माझ्याच तोंडच्या शब्दांनी चांगलं केलं होतं. आमच्या घरात कोणी चोरी केली नव्हती, हे इतक्या वर्षांत एका शब्दानं कोणी लिहिलं नव्हतं. आणि लिहायची वेळ आली तेव्हा माझ्या मॅडमनी लिहिलं कोणावर, तर त्याच्यावर.

या मे महिन्यात सुटीला घरी गेलो. वडिलांना वाचता येत नाही. माझ्या बाजूनं कोणीतरी असावं म्हणून मी तो भाग त्यांना वाचून दाखवला. खोगिराच्या जागी सायकल कळायला त्यांना वेळ लागला नाही. ऐकून त्यांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "त्याची सायकल लय जड व्हती रं. जुनी, लोखंडी." मी म्हटलं, आबा, त्यानं तुमची नोकरी घालवली. "घालवली ना. म्या कुठं नाय म्हंतो? पन सायकल जड व्हती." मी उठून गेलो. मॅडम काकांच्या बाजूला गेल्या होत्याच, आता वडीलही गेले, असं वाटलं. रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना. सकाळी मॅडमना पत्र लिहिलं आणि बाजारच्या दिवशी हरसूलच्या पोस्टात टाकलं.

उत्तराची वाट पाहिली. आलं नाही. दशक्रियेनंतर मॅडमच्या घरी गेलो तेव्हा प्रज्ञाताई म्हणाल्या, पत्र मिळालं होतं, आईनं भिंग घेऊन दोनदा वाचलं. उत्तर लिही म्हटलं तर म्हणाली, "लिहायचं काय त्यात? येईल तो. रस्ता माहीत आहे त्याला." म्हणजे त्या माझी वाट पाहत होत्या आणि मी त्यांची. यावरही मी त्यांच्याशी भांडलो असतो. अजूनही मला वाटतं, त्यांनी मला विचारायला हवं होतं. माणूस गेलं म्हणून ते खोटं होत नाही. टेबलाजवळ स्टूल होतं तिथेच होतं. त्यावर माझा डबा, घासून पालथा घातलेला, आणि डब्यावर माझं पत्र. नवा भाग त्यांनी लिहायला घेतला होता का, ते कागदांत शोधलं. नव्हता. पत्र ताईंनी मला दिलं. ते असं होतं:

"मॅडम, सा. न.

तुमचा भाग वडिलांना वाचून दाखवला. त्यांना तो आवडला. मला आवडला नाही आणि आवडणारही नाही. तुम्ही डोर्वनचं ओझं लिहिलंत, ते खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण इस्केलच्या घरात त्या वर्षी काय शिजत होतं ते तुम्ही लिहिलं नाही. आणि एवढी वर्षं तो दरीतून गेला, एकदाही दारात आला नाही, हेही लिहिलं नाही. आमच्याकडेही कोणी आलं नाही.

डोर्वनचं पान मी लिहिणार नाही. नियम मोडला म्हणून शनिवारातून काढलंत तरी चालेल. इस्केलचं मात्र लिहितो आहे, थोडं झालं आहे. तुम्ही एक करा. पुढच्या भागात त्याला खोगीर खाली ठेवून दारात येऊ द्या. घरातले लोक दार उघडतील की नाही, ते मला आज सांगता येत नाही. वडील म्हणतात, उघडंच आहे.

तो भाग लिहून झाला की टाइप करायला मला द्या. या वेळी दुसऱ्या कोणाला देऊ नका.

आपला,
हरसूल"