निमकरांचा निर्धोक बोर्ड

माधवराव निमकर आयुष्यभर दुकानदारांची वजनं तपासून निवृत्त झाले, पण त्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत दूधवाला काय, लिफ्ट दुरुस्त करणारा काय, त्यांच्यासमोर आला की आधीच गुन्हा कबूल केल्यासारखा चेहरा करी. लोक ताक फुंकून पितात. माधवराव फुंकण्याआधी ताकाचा पत्ता विचारत.

अशा माणसाच्या बायकोचे गुडघे दुखायला लागले.

डॉक्टरांनी प्रेमलाबाईंना स्पष्ट सांगितलं, जमिनीवर बसायचं नाही. म्हणजे विळी बंद. भाजी चिरायची ती ओट्यापाशी उभं राहून, सुरीनं. त्यांची मागणी फार नव्हती. एक चॉपिंग बोर्ड हवा होता.

"तुळशीबागेत मिळतो. उद्या जाऊन घेऊन येते," त्या म्हणाल्या.

"प्लॅस्टिकचा? सुरीबरोबर प्लॅस्टिक पोटात जातं."

"मग लाकडी आणते."

"लाकडी बोर्ड पट्ट्या जोडून करतात. कशानं जोडतात, हे कधी विचारलंस त्यांना?"

प्रेमलाबाईंनी विचारलं नव्हतं. बोर्ड घेताना असलं काही विचारणारा माणूस पुण्यात एकच होता आणि तो त्यांच्या नशिबी आला होता. "तू काळजी करू नकोस," माधवराव म्हणाले, "मी घरीच करतो. तुझ्या तब्येतीचा प्रश्न आहे." त्या क्षणी प्रेमलाबाईंना बरंसुद्धा वाटलं. बायका फसतात त्या अशाच.

सागवानाच्या पट्ट्या खालच्या मजल्यावरच्या रज्जाकभाईंनी आपल्या टिंबर मार्केटमधल्या दुकानात रंधा मारून दिल्या. काम अर्ध्या तासाचं होतं. राहिला होता फक्त गोंद, आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. सुताराचा नेहमीचा पांढरा गोंद माधवरावांनी भिंगातून वाचला. डब्यावर तो लाकडाला चालतो असं होतं, माणसाला चालतो असं कुठंच नव्हतं. दोन नळ्या एकत्र कालवायचा गोंद आणला, तर त्यावर हातमोजे घालायला सांगितलेलं. "हाताला चालत नाही ते पोटाला कसं चालेल?" म्हणून तोही बाद. एका परदेशी कंपनीच्या बाटलीवर अन्नासाठी सुरक्षित असं छापलेलं होतं. माधवरावांनी त्या कंपनीला ईमेल पाठवून विचारलं, की तुमचा गोंद रोज थोडा थोडा पोटात गेला तर पंचवीस वर्षांनी काय होतं. उत्तर आलं नाही. "गुन्हेगार गप्पच बसतो," ते म्हणाले.

शेवटी रज्जाकभाईंनी जुन्या सुतारांचा सरस काढून दाखवला. यात रसायन नाही, ते म्हणाले. माधवरावांनी कशाचा करतात म्हणून विचारलं. "हाडांचा, कातड्याचा." माधवराव दुकानाची पायरी उतरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"निमकरसाहेब," रज्जाकभाई आतूनच म्हणाले, "तुम्हाला बोर्डावर भाजी चिरायची आहे, का बोर्ड चिरून त्याची भाजी करायची आहे?"

इकडे दसरा गेला, दिवाळी गेली. गॅलरीत पट्ट्या, त्या आवळायचे शिकंजे आणि नापास झालेल्या गोंदांचे डबे यांची अशी गर्दी झाली, की कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. प्रेमलाबाईंनी ताट पालथं घालून त्यावर भाजी चिरून पाहिली. सुरी घसरली आणि अंगठा कापला. माधवरावांनी मलमपट्टी केली आणि ती होईपर्यंत स्टीलच्या गुळगुळीतपणावर व्याख्यान दिलं. दुसऱ्या दिवशी प्रेमलाबाई मुकाट्यानं विळीवर जाऊन बसल्या. उठताना ओट्याची कड धरायची, दात आवळायचे आणि आई गं म्हणायचं, ते मात्र हळू. मोठ्यानं म्हटलं तर गॅलरीतून विचारणा व्हायची, "बसू नको म्हटलंय ना डॉक्टरांनी?"

थंडीत प्रेमलाबाईंनी डिंक आणला. सांध्यांना बरे म्हणून लाडू करणार होत्या. माधवरावांनी तो डबा उघडला, एक खडा तोंडात टाकला आणि ओरडलेच, "अगं, हा तर आपण खातो! काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

तो सगळा डिंक त्यांनी गरम पाण्यात भिजवला आणि बोर्डाला लावला. लाडू झाले नाहीत. प्रेमलाबाईंना राग आला, पण निदान बोर्ड तरी होतोय म्हणून त्यांनी तो गिळला. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हे त्या घरात नवीन नव्हतं.

बोर्ड मात्र देखणा झाला. तेल पाजून चकचकीत केलेला, कडा गोल केलेल्या. प्रेमलाबाई हरखून टोमॅटो घेऊन आल्या.

"टोमॅटो नको! रस सुटतो. डिंकाला पाणी चालत नाही."

"मग कांदा?"

"कांद्यालाही पाणी असतं. आणि बोर्ड धुवायचा नाही हं, कोरड्या फडक्यानं पुसायचा."

"बरं," प्रेमलाबाई म्हणाल्या, "चुरमुरे चिरू?"

माधवरावांनी बोर्ड हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवला आणि रविवारी तो पाहायला मंडळींना बोलावलं. सोसायटीचे अध्यक्ष आप्पासाहेब आले, रज्जाकभाई आणि त्यांची बायको शकीला आली. माधवराव उभं राहून सांगत होते, की स्वयंपाकघरातला खरा शत्रू दिसत नाही, आणि घरच्या बाईच्या प्रकृतीसाठी माणसानं कष्ट घ्यायला हवेत. मध्येच वळून म्हणाले, "प्रेमला, पोहे टाक गं सगळ्यांना."

आत प्रेमलाबाई विळीवर बसून कांदे चिरत होत्या. चिरून झाल्यावर उठायला गेल्या, तर गुडघा उचलेचना. ओट्याची कड हाताला लागली नाही. त्यांनी हाक मारली, "अहो!"

"आलो, आलो," हॉलमधून आवाज आला, आणि पुन्हा सरसातल्या हाडांची कथा सुरू झाली. प्रेमलाबाईंनी परत हाक मारली. कुणी आलं नाही. आपल्याच घरात, आपल्याच प्रकृतीवरचं भाषण ऐकत जमिनीवर अडकून पडायचं, याची त्यांना इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कांद्याचं नव्हतं.

शकीला पाणी प्यायला म्हणून आत आली, ती दारातच थबकली. तिनं काखेत हात घालून प्रेमलाबाईंना उठवलं. "ताई, ते बाहेर तुमच्याबद्दलच बोलतायत ना?" तिनं विचारलं.

 प्रेमलाबाई लंगडत हॉलमध्ये गेल्या, आप्पासाहेबांच्या हातातून बोर्ड घेतला आणि आत आणून मोरीत ठेवला. चहाचं आधण खळखळत होतं. त्यांनी ते सगळं बोर्डावर ओतलं.

"अगं, पाणी नको!" माधवराव धावत आले. प्रेमलाबाईंनी एक पट्टी ओढली, ती सुटून हातात आली. मग दुसरी. मागोमाग पाहुणेही आले होते, चारही जण बघत होते.

"बसा," प्रेमलाबाई म्हणाल्या.

"कुठं?"

"खाली. कोथिंबीर आणि मिरच्या राहिल्यात. पाहुणे थांबलेत."

आप्पासाहेबांसमोर नाही म्हणता येईना. माधवराव कण्हत विळीवर बसले. पाय कुठं ठेवायचा ते त्यांना कळेना. मिरची चिरता चिरता कपाळावर घाम आला आणि कंबरेत कळ निघाली.

"हे काय रोज करायचं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"बोर्ड होईपर्यंत," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

सोमवारी तुळशीबाग उघडायच्या आधीच माधवराव तिथं जाऊन उभे होते. बोर्ड घेतला, पिशवीत टाकला आणि घरी आले. तो कशानं जोडलाय, हे त्यांनी विचारलं नाही.