जिवंत बाबांच्या फोटोला हार

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. जर्मनीत रेगेन्सबर्गला शिकत असताना बाबांच्या फोटोला हार घातला गेला, तोही मीच ओवलेला. बाबा तेव्हा घरी ठणठणीत होते.

दोन हजार पाच किंवा सहा असेल. नोव्हेंबर नुकता लागला होता. युनिव्हर्सिटीतल्या लॅटिन अमेरिकी मुलांनी मेन्झाच्या, म्हणजे आमच्या कॅन्टीनच्या, हॉलमध्ये समारंभ ठेवला होता. माझ्या लॅबमधली मेक्सिकोची मुलगी म्हणाली, "ये की! आणि ज्यांची खूप आठवण येते त्यांचा फोटो आण." मला वाटलं, घरापासून लांब राहणाऱ्यांचा काहीतरी सण असेल. पाकिटात बाबांचा पासपोर्टचा फोटो होताच.

हॉलच्या दारातच थबकलो. झेंडू! टेबलांवर ढीगच्या ढीग! परदेशात आल्यापासून इतका केशरी रंग एका जागी पाहिला नव्हता. आणि ही मुलं काय करत होती, तर एकेक फूल चिकटपट्टीने भिंतीजवळच्या एका मांडणीला चिकटवत होती. मला राहवेना. "सुई-दोरा आहे का कुणाकडे?" मी चक्क ओरडूनच विचारलं.

कुणीतरी पळत जाऊन आणला. मी देठ खुडून भराभर ओवायला लागलो. कोपऱ्यात ढोल आणि गिटार चालू, भोवती घोळका. "गेनाऊ, अस्संच!" मी सांगत होतो. कोलंबियाचा एक धिप्पाड गडी म्हणाला, "इंजिनियर कशाला होतोस? फुलांचं दुकान टाक!" सगळे खो खो हसले, मीही हसलो. एरवी मी वर्गात तोंडसुद्धा उघडत नसे.

माळा झाल्यावर लॅबमधल्या त्या मुलीने हात पुढे केला. "फोटो?" मी दिला. तिने तो मांडणीवर मेणबत्तीशेजारी ठेवला आणि त्याला छोटी माळ घातली. आपल्याकडे फोटोला असा हार कधी चढतो, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"आज गेलेली माणसं घरी येतात," ती म्हणाली. शेजारच्या फोटोवर बोट ठेवलं. "हे माझे बाबा. गेल्या वर्षी गेले. तुझे कधी?"

"अगं, ते आहेत," एवढंच म्हणायचं होतं. पण तिचे डोळे भरले होते. ती माझ्या गळ्यात पडली, आणि मी म्हणालो, "लहान होतो मी."

त्यानंतर मी त्यांच्यातलाच झालो. गोड पाव खाल्ला, हात धरून त्यांनी ओढलं तसा नाचलो, न कळणाऱ्या गाण्यांवर घसा फाटेस्तोवर ओरडलो. लाज वाटते, पण जर्मनीत तोवर इतका आनंद मला झाला नव्हता.

रविवारी बाबांचा फोन आला. "काय रे घुम्या, आवाज कशाने बसला?"

"कॉलेजात कार्यक्रम होता."

"बरं झालं! असाच बाहेर पडत जा."

तो फोटो तिने मागून घेतला होता. शिक्षण संपवून ती मायदेशी गेली. अजूनही दर नोव्हेंबरात तिची मेल येते: तुझ्या बाबांसाठी पाणी आणि पाव ठेवलाय. मी आभार मानतो. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, सकाळी पेपर आधी कुणी वाचायचा यावरून आईशी भांडतात.

तिने आपल्या वडिलांशेजारी माझ्या वडिलांना जागा दिली. ते जिवंत आहेत, हे सांगण्याचं देणं मी तिचं अजून लागतो.